खिडक्या उघडल्याशिवाय तोफ डागू नये

मी, या कागदाच्या शेवटी डाव्या हाताचा अंगठा उठवणारी, वय भरपूर, धंदा पूर्वी घंटा वाजवणे व सध्या घरच्यांची झोप उडवणे, राहणार टेकडीवरची टेहळणीची खोली, हे मृत्युपत्र स्वखुशीने व कोणाच्याही दडपणाशिवाय सांगत आहे. दडपण आणायला माझा मुलगा येऊन गेला, पण जेवून, सुस्तावून परत गेला. माझं डोकं ठिकाणावर आहे. ते तपासायला डॉक्टरांनी सकाळी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला आणि आज तुमच्या बायकोचा वाढदिवस आहे हेही सांगितलं. त्यांनी घाईघाईने दाखला लिहिला, "सहीच्या वेळेला येतो" म्हणाले आणि बाजाराकडे पळाले.

माझं कागदोपत्री नाव वकिलांच्या दप्तरात आहे. त्या नावाने हाक मारली तर मी वळून बघत नाही. गाव मला घंटाबाई म्हणतं, इथेही तेच चालवावं.

मला अक्षर येत नाही, म्हणून मी बोलते आहे आणि वकील लिहीत आहेत. बोलेन ते सगळं लिहायचं, गाळायचं नाही, सुधारायचं नाही, असं मी त्यांना बजावलं आहे. ते म्हणाले, "आजी, मृत्युपत्रात एवढं लागत नाही." मी म्हटलं, "मरणार कोण आहे, तुम्ही की मी?" तेही त्यांना लिहावं लागलं.

खोलीत आणखी एक बाई हजर आहे. ती म्हणजे शिंपीण, माझी शेजारीण. तिला कोणी बोलावलं नव्हतं. वकिलांच्या कोटाचं बटण लोंबताना दिसलं, तेव्हा तिने कोट त्यांच्या अंगावरून उतरवून घेतला आणि आता खिडकीशी बसून बटण लावते आहे. हे झालं निमित्त. तिला या कागदावर साक्षीदार म्हणून सही करायची आहे. तिची सही वळणदार, शेवटी लांब शेपूट. माझ्या अंगठ्याच्या काळ्या ठिपक्याशेजारी ती शेपटी मिरवायची संधी ती सोडायची नाही.

"मी काही ऐकत नाहीये," असं ती आत्ताच म्हणाली. लिहा.

कलम पहिले. याआधी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. तरीही रागाच्या भरात "तुला माझ्या घरातला चमचासुद्धा मिळणार नाही" असं मी ज्यांना ज्यांना म्हटलं, त्या सर्वांबाबतची ती वाक्यं या कागदान्वये रद्द समजावीत. अपवाद फक्त काचवाल्याच्या घराण्याचा. त्यांचं वाक्य कायम. कारण पुढे येईल.

कलम दुसरे, मिळकतीचं वर्णन. टेकडीचा माथा, त्यावर टेहळणीची खोली, जिथे मी राहते. समुद्राकडच्या बाजूला भिंतभर आडवी फट, तिला आता काच बसवली आहे. भिंती इतक्या जाड की माझ्या यजमानांचा फोटो टांगायला खिळा ठोकला, तर खिळा वाकला, हातोडीचा दांडा तुटला आणि फोटो आजतागायत कपाटावर उभा आहे. खोलीपुढे तोफांचे दोन गोल खड्डे. एकात भोपळे होतात, दुसऱ्यात पाणी साचतं आणि बेडूक होतात. खाली उतारावर दारूगोळ्याचं कोठार. त्यात शिंपीण राहते.

तिच्याकडे या राहण्याचा कागद नाही. भाडेचिठ्ठी नाही, काही नाही. माझ्या मुलाला इथे हॉटेल बांधायचं आहे, समुद्र दिसणारं. शिंपीणमावशीचं काय करणार, असं मी त्याला विचारलं, तर तो म्हणाला, "बघू." माझ्या पोटचा आहे तो. त्याच्या "बघू"चा अर्थ मला कळतो. मी डोळे मिटले की या बाईने शिवणयंत्र डोक्यावर घेऊन कुठे जायचं, हा प्रश्न आहे. तिचा निकाल शेवटी लावीन. तोवर तिने बटण नीट लावावं.

"मी कुणाकडे काही मागितलंय का?" असं शिंपीण म्हणाली. मघाशी ही ऐकत नव्हती.

कलम तिसरे, तोफखान्याचा इतिहास. वकील म्हणतात की इतिहास वारसाहक्काने देता येत नाही. बघते कसा देता येत नाही ते.

युद्धाच्या काळात शिपाई आले, टेकडीचं टक्कल केलं, काँक्रीट ओतलं आणि दोन तोफा दोरांनी ओढत वर आणल्या. ओढायला सगळं गाव होतं. गोलंदाजांनी तोफांना नावं ठेवली थोरली आणि धाकटी. थोरली जड, सावकाश वळणारी. धाकटी चिडकी, हात भाजायची. तिसरी तोफ यायची होती ती आलीच नाही. मग सुताराने डोलकाठीचा ओंडका तासून तिसरी केली, म्हणजे शत्रूच्या विमानाने वरून मोजलं तर तीन भरतील. तिला काम नाही, पण रंगरंगोटी सगळ्यांत जास्त. म्हणून तिचं नाव सवत.

विमानांना फसवायला तोफांच्या भिंतींवर घरं रंगवली होती. दारं, खिडक्या, पडदे, एका खिडकीत मांजर. रंगारी असा हाताचा की खरं मांजर रोज त्या रंगवलेल्या मांजराशी भांडायला जायचं आणि नाक आपटून यायचं.

पहिल्यांदा थोरली डागली तेव्हा टेकडीखालच्या आमच्या गल्लीत एकही काच जागेवर राहिली नाही. न्हाव्याचा आरसा फुटला आणि गिऱ्हाईक अर्ध्या दाढीचं रस्त्यावर पळालं. बेकरीतल्या पावांत काचा गेल्या. रडारड, शिव्या, नुसता गोंधळ. हसत होता तो एकटा काचवाला. दुसऱ्या दिवशी तो नवा शर्ट घालून वर गेला, गोलंदाजांना सिगारेटी वाटल्या आणि "पुन्हा कधी?" म्हणून अदबीने विचारून आला. कलम पहिल्यातला अपवाद तो हा.

वर मेजर होते. माणूस असा कडक की मिशीलाही इस्त्री असावी. खिडकी उघडी असली तर धक्का आरपार जातो आणि काच वाचते, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी हुकूम काढला: गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्याशिवाय तोफ डागू नये. आता हे घरोघर सांगायला माणूस हवा. मी तेव्हा लग्नाळू वयाची, बेकरीत पीठ चाळायची. माझा आवाज ऐकून मेजर म्हणाले, "हिला घंटेची गरज नाही, पण द्या, सरकारी काम आहे." तेव्हापासून मी घंटाबाई.

काम असं. गल्लीच्या वरच्या टोकापासून घंटा वाजवत, "खिडक्या उघडाऽऽ" म्हणून ओरडत निघायचं. प्रत्येक घराची खिडकी उघडलेली डोळ्यांनी पाहायची. खालच्या टोकाला शेवटचं घर. तेही उघडलं की लाल फडकं वर करायचं. या खोलीतून दुर्बिणीने ते फडकं दिसलं की मेजर हात खाली करायचे आणि थोरली बोलायची. म्हणजे बघा वकीलसाहेब, तोफा सरकारच्या, गोळे सरकारचे, पण डागायची परवानगी माझ्या फडक्याची. कागदावर अंगठा उठवणाऱ्या बाईला एवढा अधिकार नंतर कोणी दिला नाही.

शेवटचं घर कोणाचं होतं? ती बसली आहे बघा, सुईत दोरा ओवते आहे.

कलम चौथे, माझे यजमान. ते निशाण ओढायच्या बोटीवर होते. निशाण म्हणजे तराफ्यावर घराएवढा उंच लाकडी सांगाडा, त्याला कॅनव्हास ठोकलेला. ते लांब दोराने बोटीमागे ओढत न्यायचं आणि तोफखान्याने त्यावर नेम धरायचा. सबंध युद्धात त्या निशाणाला एकही गोळा लागला नाही. एकदा दोराला लागला, त्या दिवशी वर दिवाळीचा बार उडावा तसा आनंद उडाला होता. तर ज्या माणसाच्या पाठीमागे सरकार रोज तोफा झाडतं आणि जो संध्याकाळी शीळ घालत घरी येतो, तो नवरा म्हणून टिकाऊ निघणार, असा मी विचार केला आणि लग्न ठरवलं.

मग ती सकाळ आली. समुद्रावर दाट धुकं. धुक्यात एक उंच, चौकोनी, काळं काहीतरी सरकताना टेहळणीवाल्याला दिसलं. आपल्या जहाजांच्या रस्त्यावर नाही, उलट बाजूने येणारं. भोंगा वाजला. वर अशी धांदल की कोणी एका पायात बूट घालून धावतंय, कोणी दाढीचा फेस तोंडाला तसाच ठेवून. इतके दिवस वाट पाहिली आणि शेवटी शत्रू आला! माणसं हरखून गेली होती हो. एकाने तर सवतीतच गोळा भरायचा प्रयत्न केला.

तरणा कॅप्टन ओरडला, "साहेब, हुकूम द्या!"

मेजर म्हणाले, "खिडक्या?"

"साहेब, शत्रू आहे! खिडक्या कसल्या?"

"मला हुकूम माहीत आहे. मीच काढलाय. घंटा!"

मी धावले. त्या दिवशी कोणाला दोनदा सांगावं लागलं नाही. धडाधड खिडक्या उघडल्या. शेवटच्या घराची बंद. आत ही. टेबलावर वाण्याच्या मुलीच्या लग्नाचं रेशीम कापून, एकेक तुकडा खडूच्या खुणेवर मांडून ठेवलेला, अजून टाचण्या लागायच्या होत्या.

मी म्हटलं, "अगं, उघड! शत्रू आलाय!"

"उघडणार नाही. वारा शिरला तर सगळं रेशीम उडेल."

"बये, तोफ थांबलीये तुझ्यासाठी!"

"मग थांबू दे. तिला कुठे लग्नाला जायचंय?"

मला काय करायचं ते सुचलं. काच फोडली की खिडकी उघडीच झाली, नाही का? मी घंटा उगारली. तेव्हा हिने आतून दोन्ही तळहात काचेवर सपाट ठेवले. चेहरा काचेला लावला आणि म्हणाली, "फोड. हात आहेत मध्ये."

शिवणारीचे हात ते. मी घंटा तशीच वर धरून उभी राहिले. ती आत, मी बाहेर, दोघी एकमेकींना जीभ झडेपर्यंत बोलत होतो. लाल फडकं माझ्या कमरेलाच राहिलं. आणि धुकं विरलं.

वरून आरोळी आली, "अरे, हे तर आपलंच निशाण!"

झालं होतं असं: समुद्रात दोर तुटला होता. माझ्या होणाऱ्या यजमानांनी तराफा बोटीच्या कुशीला बांधून घेतला होता आणि प्रवाहाची ओढ नको म्हणून टेकडीला उलटा वळसा घालून ते घरी निघाले होते. ज्या निशाणावर सगळा तोफखाना पोसला जात होता, ते त्यांच्यातल्या एकानेही कधी जवळून पाहिलेलं नव्हतं. पाहणार कसं? लागलंच नव्हतं, तर परत आणून दाखवणार काय? यजमान तराफ्यावर पाय सोडून पाव खात बसले होते. त्यांनी थोरलीकडे बघून हात हलवला.

सगळं कळल्यावर ते म्हणाले, "तसाही लागला नसता." पण थोरलीवरच्या गोलंदाजाने मला बाजूला घेऊन सांगितलं की ताई, आज पहिल्यांदाच नेम बरोबर होता.

हा आमच्या तोफखान्याचा पराक्रम. डागलं नाही, हा. बाकी सगळा सराव.

कलम पाचवे, जुनं भांडण. त्या दिवसापासून शिंपीण म्हणते, "तुझा नवरा माझ्या खिडकीने दिलाय." लग्नात म्हणाली, बारशाला म्हणाली. यजमान भाजी निवडत बसलेले दिसले तरी म्हणायची, "बघ, वाचवला म्हणून कामाला येतोय." मी म्हणते, तू नवरा नाही वाचवलास, रेशीम वाचवलंस. आणि मी घंटा खाली आणली नाही त्याचं काय? यावर आमचं आजवर एकमत झालेलं नाही, आणि या कागदाने ते होणार नाही याची वारसांनी नोंद घ्यावी.

("घंटा तू हात बघून थांबवलीस. हात कुणाचे होते?" असं शिंपीण म्हणाली. वकील, लिहू नका. बरं, लिहिलंत तर राहू द्या.)

युद्ध संपल्यावर थोरली आणि धाकटी भंगारात गेल्या. सवतीत लोखंड नव्हतं म्हणून ती मागे राहिली. काँक्रीटची टेकडी कोणालाच नको होती, ती यजमानांनी घेतली. पुढे समुद्र गल्लीचं खालचं टोक खात आला आणि एका पावसात शिंपिणीचं घर गेलं. ती शिवणयंत्र हातगाडीवर आणि ती खिडकी, चौकटीसकट, काखेत घेऊन वर आली. "चार दिवसांसाठी," म्हणाली. कोठाराला खिडकी कुठून असणार? दारूगोळा काय हवा खातो? यजमानांनी छिन्नी घेऊन ती भिंत फोडायला घेतली. कंबर धरली, हात सोलवटले, पण खिडकी बसवली. मी म्हटलं, "एवढी घाई काय आहे?" ते म्हणाले, "त्या काचेमागे ती उभी होती, म्हणून मी इथे उभा आहे. उजेड तरी देऊ दे." ते गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. चार दिवस अजून चालू आहेत.

कलम सहावे, वाटप. टेहळणीची खोली, दोन्ही खड्डे आणि माथा माझ्या मुलाला आणि मुलीला समान, पण शेवटच्या कलमातली अट पाळून. बँकेत आहे ते दोघांना निम्मं. सवत मुलाला. लहानपणी तिच्यावर बसून त्याने जितक्या लढाया जिंकल्या तितक्या पुढे आयुष्यात जिंकल्या नाहीत, तेव्हा ती त्याने सांभाळावी. दुर्बीण मुलीला. ती परगावी परिचारिका आहे आणि तिला माणसं लांबूनच बरी दिसतात. नातीला घंटा. तिचा आवाज माझ्यावर गेला आहे. तिच्या आईला ते पटत नाही, पण तिच्या शाळेला पटलं आहे.

गावची इतिहास समिती इथे फलक लावणार आहे. मास्तर मजकूर वाचून दाखवायला आले होते: "या तोफखान्याने शत्रूचे जहाज पळवून लावले." मी म्हटलं, "मास्तर, ते जहाज पळून गेलं नाही. माझ्याशी लग्न करून याच खोलीत घोरत पडलं." फलक लावायचा तर मेजरांचा हुकूम लिहावा आणि खाली लिहावं की तो पाळला गेला. तेवढ्याला माझी परवानगी आहे.

कलम सातवे, साक्षीदार. साक्षीला डॉक्टर आणि बोटीच्या इंजिनाचा मिस्त्री यांच्या सह्या घ्याव्यात. शिंपिणीची सही घेऊ नये.

हे बोलताच शिंपीण उठली. पुढचं जसं घडलं तसं वकिलांनी लिहिलं आहे.

"काय म्हणालीस?"

"तुझी सही नको, म्हणाले."

"इतकी वर्षं तुझं प्रत्येक पत्र मी वाचलं. पोरीच्या सासरचं, बँकेचं, सगळं. आणि सहीला तो काळ्या बोटांचा मिस्त्री?"

"त्याची सही आखूड आहे. जागा कमी लागते."

"घंटे, मरताना तरी माणसासारखी वाग!"

"मरताना बघू. आज नुसतं लिहितेय."

ती दार आपटून गेली. दार लोखंडी आहे, तोफखान्याचं. आवाज धाकटीसारखा झाला. वकिलांचा कोट तिच्यासोबत गेला.

आता ती नाही तोवर पटकन लिहा.

कलम आठवे व शेवटचे. वकील आज आले तेव्हा शिंपीण चहा ठेवायला गेली होती. तेवढ्यात त्यांनी मला नियम सांगितला: जो साक्षीला सही करतो त्याला या कागदातून काही घेता येत नाही. म्हणून तिची सही नको. तर मी असं ठरवते: कोठार, त्याची खिडकी, पुढचा नळ आणि वर यायची वाट, यांवर शिंपिणीचा तिच्या हयातीत पूर्ण हक्क राहील. तिला कोणी उठवणार नाही, "बघू" म्हणणार नाही. आणि ती हयात आहे तोवर या टेकडीवरचं काहीही, खोली, खड्डे, बेडकासकट, विकायचं किंवा पाडायचं असेल तर त्या कागदावर तिची सही लागेल. ती नसेल तर व्यवहार रद्द. सहीची एवढी हौस आहे ना तिला? घे म्हणावं. शेपूट हवं तेवढं लांब काढ.

हा मजकूर मला वाचून दाखवल्याशिवाय मी अंगठा उठवणार नाही. आणि वाचेल ती शिंपीणच. माझी पत्रं तिनेच वाचली, हेही तिनेच वाचावं. वकिलांनी हरकत घेतली. मी ती फेटाळली.

लेखकाची नोंद. वरील मजकूर मी बाईंच्या सांगण्याबरहुकूम लिहिला. त्यानंतर मी स्वतः सदऱ्यावर कोठारापर्यंत गेलो व शिंपीणबाईंना विनंती करून वर आणलं. डॉक्टर फुलांचा गुच्छ घेऊन व मिस्त्री हात पुसत तोवर आले होते. मजकूर प्रथम मी वाचला, मग बाईंच्या आग्रहावरून शिंपीणबाईंनी मोठ्याने वाचला. स्वतःबद्दलच्या प्रत्येक वाक्याला त्यांनी "खोटं" असं म्हटलं. आठव्या कलमाशी त्या थांबल्या. ते त्यांनी आधी मनात वाचलं, मग मोठ्याने, आणि पुन्हा एकदा मोठ्याने वाचलं. नंतर पुढील संभाषण झालं.

"हयातीत म्हणजे कुणाच्या?"

"तुझ्या."

"मग मी काही लवकर मरत नाही, सांगून ठेवते."

"माहीत आहे. म्हणून तर लिहिलं. पोराला हॉटेल बांधायला म्हातारपण येईल."

"खिडकी आत उघडते की बाहेर, ते लिहिलंच नाही यात."

"तू कधी उघडलीयेस का, मला कळायला?"

यावर दोघी इतक्या हसल्या की अंगठा दोनदा उठवावा लागला. पहिला फराटा झाला आहे, तो शाई सांडल्याचा डाग समजू नये. दोन्ही अंगठे बाईंचेच. साक्षीदारांनी ते डोळ्यांनी पाहिले व बाईंच्या समोर सह्या केल्या.

अंगठा, डाव्या हाताचा : घंटाबाई
साक्षीदार : डॉक्टर (सही)
साक्षीदार : इंजिनाचा मिस्त्री (सही, आखूड)
लिहिणार : वकील (सही)
ठिकाण : टेहळणीची खोली, टेकडी. सर्व खिडक्या उघड्या.
दिनांक : डॉक्टरांच्या पत्नीचा वाढदिवस, मंगळवार. धुकं नाही.

कोट परत मिळाला. बटण घट्ट आहे.